पाऊस तेवढाच, दिवस मात्र कमी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. घर कोल्हापुरात, नागाळा पार्काच्या खालच्या अंगाला. २००५ ला पाणी फाटकापर्यंत येऊन परत गेलं, २०१९ ला घरात शिरलं, २०२१ ला पुन्हा शिरलं. वडील कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाला दोष देतात, काका राधानगरी धरणाच्या दरवाजांना, आणि कॉलेजात जाणारी मुलगी म्हणते हा हवामान बदल आहे. यात खरं काय? जिथे एवढा पूर येतो तिथेच उन्हाळ्यात टँकर कसा फिरतो? आणि शेवटी, एक फ्लॅट पाहिलाय, बिल्डर म्हणतो "निळ्या पूररेषेच्या बाहेर आहे", तर घ्यावा का?

पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी कोल्हापूरच्या पंचगंगा नदीच्या खोऱ्यात. उत्तर लांबेल, पण आधी निकाल सांगून टाकतो: तिघांत मुलगी जास्त बरोबर आहे. फक्त तिचं उत्तर अर्ध्यावर थांबतं. पाऊस का बदलला ते हवामान बदलानं सांगता येतं. पाणी तुमच्या दिवाणखान्यात का आलं ते सगळं त्यानं सांगता येत नाही.

नोकरीच्या सुरुवातीला माझ्याकडे गगनबावड्याच्या बाजूचं एक पर्जन्यमापक होतं. तिथले चौकीदार मामा रोज सकाळी साडेआठला मापकातली बाटली काढायचे, मोजपात्रात ओतायचे आणि भरलेल्या प्रत्येक पात्रामागे भिंतीवर कोळशानं एक काडी मारायचे. वही नंतर भरायची, आधी काड्या. २०० चौरस सेंटिमीटर तोंडाच्या मापकात १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर दोन लिटर पाणी. तरणा संपून म्हातारा (पुनर्वसू संपून पुष्य नक्षत्र) लागला की मामांची भिंत रोज सारखीच दिसायची: काल चार काड्या, आज पाच, उद्या चार. पंधरा-पंधरा दिवस सूर्य नाही, कपडे चुलीवर वाळवायचे, पण नदी मात्र आपल्या वेगानं, इंचाइंचानं चढायची. त्याला झड म्हणायचे. झडीचा पाऊस जमिनीत मुरायचा. जांभ्याच्या कातळातून तो हळूहळू पाझरायचा आणि मार्चपर्यंत झरे चालू राहायचे.

शेवटची काही वर्षं मी जे आकडे पाहिले त्यात काड्यांची एकूण संख्या फारशी वेगळी नव्हती. मध्ये मोकळे दिवस मात्र फार होते, आणि मग एखाद्या रात्रीत अख्खी भिंत काळी. एका मापकावरून कुणी हवामानाचा निष्कर्ष काढू नये, मीही काढत नाही. पण हेच चित्र मोठ्या पट्ट्यावर शास्त्रज्ञांनी मोजलंय. २००६ मध्ये बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५१ ते २००० च्या नोंदी तपासल्या. मध्य भारतात अतिवृष्टीचे प्रसंग वाढले, मध्यम पावसाचे घटले, आणि दोन्ही एकमेकांना खोडून काढत असल्यानं मोसमाची सरासरी तशीच राहिली, असं त्यांना दिसलं. २०१७ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ या काळात मोठ्या क्षेत्रावर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्याचं दाखवलं आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचे वाढते हेलकावे आहेत असं म्हटलं. हा पट्टा गुजरातपासून ओडिशापर्यंतचा. आपण त्याच्या दक्षिणेला येतो, म्हणून "तिप्पट" हा आकडा उचलून कोल्हापूरच्या माथी मारू नका. दिशा मात्र तीच.

म्हणूनच "यंदा सरासरीच्या ९८ टक्के पाऊस" ही बातमी वाचून मला काहीच कळत नाही. ते ९८ टक्के सत्तर दिवसांत पडले की चाळीस, ते सांगा. सरासरीनं आमच्या खात्यातल्या भल्याभल्यांना फसवलंय.

आता यामागचं कारण. उन्हाळ्यात दोरीवरचं धोतर तासाभरात वाळतं, पावसाळ्यात दोन दिवस लागतात. पावसाळ्यातली हवा आधीच भरलेली असते, उन्हाळ्यातल्या गरम हवेत जागा असते. हवा जितकी गरम तितकी ही जागा मोठी. हिशोबात मांडायचं तर तापमान एक अंशानं वाढलं की हवेची बाष्प धरायची क्षमता साधारण ७ टक्क्यांनी वाढते. ही हवा समुद्रावरून भरून येते, सह्याद्रीला धडकते, वर चढते, थंड होते आणि ओतते. आधीच हे ओतणं किती असतं बघा: गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात शंभरेक किलोमीटर पूर्वेला शिरोळला जेमतेम पाचशेच्या आसपास. त्यात भरलेली हवा आणखी भरलेली आली, बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन पश्चिमेचे वारे जोरात खेचले जाऊ लागले आणि ते चार दिवस हलेना, की आपलं काम झालं. मोठे पूर बहुतेक अशाच जुळणीतून येतात. ही जुळणी आजोबांच्या काळातही व्हायची. तेव्हा ढगात माल कमी होता.

पण धोतराच्या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती लोक विसरतात. हवा जास्त पाणी धरते म्हणजे ते आधी कुठून तरी उचलतेही: शेतातून, तळ्यातून, उसाच्या पानातून. त्यामुळे पावसात खंड पडला की जमीन पूर्वीपेक्षा लवकर सुकते. पूर आणि टंचाई हे दोन वेगळे प्रश्न असल्यासारखी त्यांची खाती वेगळी, बैठका वेगळ्या, निधी वेगळा. मूळ एकच आहे.

हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या (आयपीसीसी) २०२१ च्या अहवालात याचा जगभराचा ढोबळ हिशोब आहे. पूर्वी दहा वर्षांतून एकदा पडायचा तसा एका दिवसाचा जोरदार पाऊस, तापमानवाढ एक अंश असताना १.३ पट वेळा, दीड अंशाला १.५ पट वेळा आणि दोन अंशांना १.७ पट वेळा येईल. शिवाय येईल तेव्हा जास्तीचा येईल, दीड अंशाला सुमारे साडेदहा टक्के. दहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. पण नदीकाठी राहणाऱ्याला सगळा फरक शेवटच्या दहा टक्क्यांतच पडतो. पहिले नव्वद टक्के पात्रात मावतात.

आता काकांच्या दरवाजांकडे येऊ. कोल्हापुरात जुलै लागला की दोनच प्रश्न असतात, "पाणी किती फूट?" आणि "राधानगरीचे किती दरवाजे?" पानपट्टीवाल्यालाही पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट पाठ असते. इतकी पूरसाक्षर जनता दुसरीकडे मिळायची नाही, पण दरवाजांचा धसका जरा अतीच आहे.

राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू केलं. साठा ८.३६ टीएमसी, एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी. त्याचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, म्हणजे धरण काठोकाठ भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. कुणी साहेब बटण दाबत नाही. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक (सेकंदाला इतके घनफूट पाणी), सातही उघडले तर साधारण दहा हजार. आता एक टीएमसी म्हणजे ११,५७४ क्युसेक चोवीस तास. म्हणजे सातही दरवाजे दिवसभर उघडे राहिले तरी एक टीएमसी पुरतं होत नाही.

दुसऱ्या बाजूला आभाळाचा हिशोब करा. हजार चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की ते पाणी साडेतीन टीएमसी होतं. ३०० मिलिमीटर पडला तर साडेदहा, म्हणजे राधानगरीचं अख्खं धरण रिकामं असतं तरी भरून सांडलं असतं. आणि ३०० हा काल्पनिक आकडा नव्हे. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर नोंदला गेला. पंचगंगेच्या वरच्या अंगाची चार मुख्य धरणं, राधानगरी, तुळशी, कासारी आणि कुंभी, सगळी मिळून सतरा-साडेसतरा टीएमसी. बाकीच्या बऱ्याच पाणलोटावर मोठं धरण नाही. तिथलं पाणी ओढ्यांतून थेट नदीत येतं, त्याला दरवाजा नाही आणि सायरनही नाही. प्रयाग चिखलीला या नद्या एकत्र येतात, आणि म्हणूनच चिखली-आंबेवाडीच्या लोकांना जनावरं कधी हलवायची ते आमच्या बुलेटिनच्या आधी कळतं.

मग धरणात आधीच जागा का ठेवत नाही? बरोबर प्रश्न, आणि याच्यावर मी आयुष्यभर शिव्या खाल्ल्यात. जुलैच्या मध्याला माझ्या टेबलावर निवेदन यायचं, "धरण भरत आलंय, पाणी सोडा, नाहीतर आम्ही बुडू." ऑगस्टच्या शेवटी दुसरं यायचं, "धरण का भरलं नाही, पाणी कुणी सोडलं?" एकदा दोन्ही निवेदनांवर एकाच गावच्या सह्या होत्या. मी ती बरीच वर्षं ड्रॉवरमध्ये ठेवली होती.

आमचं गणित असं असायचं की अमुक तारखेला धरण इतकं भरलेलं असावं. त्या तारखा जुन्या पावसावर बेतलेल्या. झड महिनाभर चालणार हे गृहीत, म्हणून जुलैअखेर थोडी मोकळी जागा ठेवली तरी ऑगस्टमध्ये भरेल याची खात्री. २०२३ चा ऑगस्ट आठवा. देशभरातला तो १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट. त्या वर्षी पुराच्या भीतीनं ज्यानं धरण रिकामं ठेवलं असतं त्याला मार्चमध्ये तोंड दाखवायला जागा उरली नसती. त्याच वर्षीच्या सरकारी दुष्काळ यादीत आपल्या जिल्ह्यातले हातकणंगले आणि गडहिंग्लज हे तालुके आले. पुराचा जिल्हा म्हणून ज्याची ओळख, त्याच्यातले.

यावर उपाय पाठ केलेल्या तारखा सोडण्याचाच आहे. चार-पाच दिवसांचा पावसाचा अंदाज आता पूर्वीपेक्षा बराच विश्वासार्ह असतो. त्यावर धरणात येणारं पाणी रोज नव्यानं मांडायचं, पूर यायच्या आधी नदीत जागा असताना सोडायचं आणि पूर ओसरता ओसरता पुन्हा अडवायचं. सांगायला सोपं आहे. करताना अडचण अशी की आधी सोडलेलं पाणी दिसतं आणि वाचलेला पूर दिसत नाही. अंदाज चुकला तर सही करणारा एकटा पडतो. चुकीच्या अंदाजावर पण योग्य पद्धतीनं निर्णय घेणाऱ्या अभियंत्याला जोवर संरक्षण नाही, तोवर तो शेवटच्या क्षणापर्यंत थांबणार. मीही थांबलो आहे, खोटं कशाला सांगू.

वडिलांची अलमट्टी. इथे वाद वाढवत नाही, हिशोब सांगतो. अलमट्टीची सध्याची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर. राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोका पातळी समुद्रसपाटीपासून साधारण ५४३ मीटर. वीसेक मीटरचा फरक. सपाट साचलेलं पाणी तिथून इथवर येत नाही. २०१९ च्या पुरानंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीनंही थेट अलमट्टीला दोषी धरलं नाही. पण वाहतं पुराचं पाणी ताटलीतल्या पाण्यासारखं सपाट नसतं, त्याचा फुगवटा चढत्या उतारानं मागे येतो आणि गाळ साचला की तो आणखी सरकतो. म्हणून अलमट्टीची ही पातळी ५२४.२५६ मीटरवर न्यायला शिरोळच्या माणसाचा विरोध असेल तर मी त्याला वेडा म्हणणार नाही. फक्त कोल्हापूर शहराचं उत्तर त्यात शोधू नका.

शहराचा खरा अडसर नरसोबाच्या वाडीला आहे. पंचगंगा तिथे कृष्णेला मिळते. तिथल्या दत्तमंदिरातल्या दक्षिणद्वार सोहळ्याला तुम्ही गेला असाल: कृष्णेचं पाणी उत्तरेच्या दारातून आत येतं, पादुकांवरून जातं आणि दक्षिण दारातून बाहेर पडतं, लोक त्यात स्नान करतात. भाविकाला तो सोहळा. आमच्यासारख्याच्या डोक्यात वेगळंच येतं, की कृष्णा फुगली, आता पंचगंगेचं तोंड दाबलं जाणार. कोल्हापूर ते वाडी नदीला उतार फार कमी, वळणं भरपूर. कोयनेचा आणि वारणेचा विसर्ग याच वेळी कृष्णेत उतरत असेल तर आपलं पाणी जागच्या जागी थबकतं. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी राजाराम बंधाऱ्यावर पातळी तासाला इंचभर हलत नाही, ते यामुळे. पूर्वी या नद्यांचे फुगे थोडे मागेपुढे यायचे. मोठ्या पट्ट्यावर एकदम पाऊस पडायला लागला की सगळ्या एकाच वेळी फुगतात. २०१९ आणि २०२१ ला राजारामला ५५ फुटांच्या पुढे पाणी गेलं, पुणे-बंगळूर महामार्ग बंद झाला, २०१९ ला तर जवळपास आठवडाभर. अतिवृष्टीच्या आकड्यांत फक्त मिलिमीटर बघू नका, ते किती तालुक्यांवर एकाच वेळी पडले ते बघा. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे.

आणि आता आपलं स्वतःचं. शहरातून वाहणारा जयंती नाला तापमानवाढीनं अरुंद केला नाही. पूररेषेच्या आत भराव टाकून प्लॉट पाडायला अरबी समुद्र आला नव्हता. महामार्गाचा आणि जोडरस्त्यांचा भराव पुराच्या वाटेत आडवा, त्याला कमानी पुरेशा नाहीत. जुनं कोल्हापूर तळ्यांचं गाव होतं. वरुणतीर्थ बुजवून गांधी मैदान झालं, कपिलतीर्थावर मंडई बसली. गांधी मैदानात दर पावसाळ्यात पाणी साचतं आणि वर्तमानपत्रात फोटो येतो, "मैदानाचं तळं झालं." उलट आहे, तळ्याचं मैदान झालं होतं. एका तळ्यानं पंचगंगेचा पूर अडत नाही, हे मान्य. पण तासाभरात ८० मिलिमीटर पडला तर शहराच्या आतलं पाणी घटकाभर थांबवायला या तळ्यांचाच उपयोग होता. आता ते पाणी धावत नाल्यात येतं, नाल्याचं तोंड नदीनं दाबलेलं असतं, आणि ते उलटं फिरून शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत शिरतं. तिथल्या मूर्तिकारांचा गणपतीचा मोसम नेमका त्याच पंधरवड्यात. कच्च्या मूर्ती डोक्यावर घेऊन पळणारी माणसं मी पाहिलीत.

टँकरचं काय? यातला पहिला टँकर तर पुरातच येतो. शिंगणापूर आणि बालिंग्याचे उपसा पंप नदीकाठी. पाणी चढलं की पंप बुडतात आणि चहूबाजूंनी पाणी असलेल्या शहरात प्यायला पाणी नाही. २०१९ ला तुम्ही हे भोगलंय. नोव्हेंबर २०२३ पासून काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईन सुरू झाली, त्यानं नदीकाठच्या पंपांवरचा भार कमी झाला. पण पाईप किती का भक्कम असेना, मोटारी चालवायला वीज लागते आणि वीज केंद्रं पुरापासून किती सुरक्षित आहेत त्यावर पुढचं अवलंबून.

दुसरा टँकर एप्रिल-मेचा, आणि तो मला जास्त बोचतो. गगनबावडा, शाहूवाडीच्या डोंगरातल्या धनगरवाड्यांवर जा. वर्षाला पाच हजार मिलिमीटर पडतो तिथे एप्रिलमध्ये बाया कोस-दीड कोस हंडा घेऊन उतरतात. पाऊस झडीत पडला तर कातळात शिरतो, एका रात्रीत पडला तर कड्यावरून खाली जातो आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या फाटकापाशी पोचतो. तुमचा पूर म्हणजे त्यांचा उन्हाळ्यातला झरा आहे, खाली वाहून आलेला. डोंगरउतारावर चर खणणं, झऱ्यांचा वरचा पाणलोट राखणं ही कामं किरकोळ वाटतात, उद्घाटनाला कुणी येत नाही. पण खर्चाच्या मानानं दोन्हीकडे उपयोगी पडणारं दुसरं काम मला माहीत नाही. अर्थात २०१९ सारखा पूर त्यानं थांबेल असं कुणी सांगत असेल तर तो थापा मारतोय.

खाली सपाटीवर आपल्या जिल्ह्याची खासियत म्हणजे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. पावसाळा संपला की गाळ्यांत बर्गे (फळ्या) घालायचे, पाणी अडवायचं, उन्हाळा काढायचा, मृगाच्या आधी बर्गे काढून नदी मोकळी करायची. ही पद्धत राज्यभर गेली, आणि तिचं सगळं शहाणपण कॅलेंडरवर उभं आहे. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे लाच मुंबईत पोचला, नोंदींतला सर्वांत लवकर. मे संपायच्या आत नदीला पाणी आलं की बर्गे अजून आतच असतात. वर पाणी चढलेलं, खाली माणूस उतरवायचा कसा? उलट ऑक्टोबरमध्ये घाईनं बर्गे घातले आणि परतीचा पाऊस कोसळला तर ते वाहून जातात, काठची शेतं कापली जातात आणि अडवायला पाणीही राहत नाही. दरवाजे यंत्रानं वर-खाली करता येतील असे बंधारे हळूहळू करावे लागतील. महाग आहे, पण त्याला तोड दिसत नाही.

उसाबद्दल थोडं बोलतो, नाहीतर शेतकरी मंडळी म्हणतील साहेब विसरले. ऊस पाण्यात उभा राहतो म्हणून पूरपट्ट्यात तोच. पण शेंडा बुडून पोंग्यात गढूळ पाणी शिरलं आणि ते तीन-चार दिवस राहिलं तर वाढ संपली. आडसाली, म्हणजे दीड वर्षाच्या उसाची लावण जुलै-ऑगस्टची, म्हणजे रोप वीतभर असताना पूर. पुढे फेब्रुवारीपासून त्याच उसाला पाट सोडून पाणी द्यायचं. शिरोळकडे अशा पाण्यानं हजारो एकर क्षारपड झालीत. पूरपट्ट्यातली लावण मागे ढकलणं आणि ठिबक, एवढं जरी झालं तरी मेमधली धरणातली ओढ बरीच कमी होईल. कारखान्याचं वेळापत्रक आडवं येतं, ते मला ठाऊक आहे.

राहिला फ्लॅट. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्याच्या आत बांधकाम निषिद्ध, निळ्या-लालच्या मध्ये अटी घालून. "२५ वर्षांतून एकदा" याचा अर्थ एकदा येऊन गेला की पंचवीस वर्षं सुट्टी, असा नाही. दरवर्षी ४ टक्के शक्यता, दर जूनला फासे नव्यानं पडतात. तुमचं गृहकर्ज वीस वर्षांचं असेल तर निळ्या रेषेला अगदी चिकटून असलेल्या घरात त्या वीस वर्षांत किमान एकदा पाणी येण्याची शक्यता ५६ टक्के भरते. लाल रेषेवर असाल तर १८ टक्के. आणि हे सगळं जुना पाऊसच पुढेही पडेल असं धरून. वर सांगितलेला दीडपटीचा हिशोब ध्यानात घेतला तर हे आकडे कमीत कमी समजा. बिल्डर "निळ्याच्या बाहेर" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नाही, फक्त तुमचा पुढचा प्रश्न येऊ नये अशी त्याची इच्छा असते. पुढचा प्रश्न: लालच्या आत की बाहेर?

तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे म्हणून निश्चिंत राहू नका. पाणी तिसऱ्या मजल्यावर येत नाही, पण मीटर, पंप, जमिनीतली टाकी आणि लिफ्टची मोटर तळमजल्यावर असतात. ड्रेनेजच्या चेंबरमधून घाण पाणी उलटं येतं ते टाकीत मिसळतं, आणि पूर उतरल्यावर पुढचे पंधरा दिवस तुम्ही वरून खाली बादल्या उतरवता आणि चढवता. वडिलांचं वय धरून विचार करा.

नकाशा बघाच, पण एका रविवारी सकाळी त्या गल्लीत चालत जा आणि दूध घालणाऱ्याला किंवा कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारा की २०२१ ला पाणी कुठवर होतं. तो हात करून भिंतीवरची खूण दाखवेल, बहुतेक ठिकाणी रंगाखाली अजून दिसते. ती उंची दोरीनं मोजून घ्या, त्यात दोन फूट मिळवा, आणि मग त्या इमारतीतले विजेचे मीटर त्या दोरीच्या वर आहेत की खाली तेवढं बघून या. खाली असतील तर बिल्डरला ते वर घ्यायला सांगा. तो हो म्हणाला तरच किमतीचं बोलणं सुरू करा.